वैशाखातले वारे आणि गच्चीवरचे वाळवण
(गेल्या वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दर वर्षी बाहेरच्या एखाद्या विद्वान बाईंना आपण बोलावतो. यंदा कार्यकारिणीने ठरवले, की मंडळातल्याच एकीने बोलावे आणि विषय घरातलाच घ्यावा. चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुमच्या कुरडया चांगल्या होतात, त्यावरच चार शब्द बोला." मी म्हटले, "कुरडयांवर बोलते, पण चीक कसा काढायचा ते नाही. कुरडया गच्चीवर असताना जे वारे सुटते ना, त्यावर बोलते." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बोला, पण बायकांना भिववू नका हो."

भिववायचे नाहीच. पण या भिववण्याच्या गोष्टीकडे मी पुन्हा येणार आहे.

नागपूरच्या उन्हाविषयी नागपूरच्या बायकांना काय सांगावे! २३ मे २०१३ रोजी इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तो दिवस पुष्कळ जणींना आठवत असेल. या उन्हाला आपण नावे ठेवतो आणि याच उन्हावर वर्षाची बेगमी करून घेतो. चैत्र लागला, की उडदाचे पापड, मुगाच्या वड्या, शेवया, सरगुंडे, कुरडया, सगळे गच्चीवर जाते. दुपारपर्यंत आभाळ कोरे करकरीत असते. तीनच्या सुमारास एका कडेला कापसाच्या ढिगासारखा ढग चढू लागतो, वरून पांढराशुभ्र आणि बुडाशी काळानिळा. झाडाचे पान हलत नाही. जीव नुसता घुसमटतो. आणि मग चार-साडेचारला एकाएकी गार झुळूक येते.

ती झुळूक किती गोड असते! दिवसभर कूलरसमोर बसून कंटाळलेली म्हातारी माणसे ओट्यावर येतात, पोरे गच्चीवर पळतात, बायका दारात उभ्या राहतात. "हवा सुटली बाई एकदाची," असे जी ती म्हणते. भगिनींनो, मला जे सांगायचे आहे ते या झुळुकीपासूनच सुरू होते. कारण ती झुळूक वादळानंतरची नसते, वादळाच्या पुढची असते.

हे मला माझ्या भाच्याने समजावून दिले. तो शाळेत भूगोल शिकवतो. तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर चढते. तिच्यात बंगालच्या उपसागराकडून आलेली ओल असली, म्हणजे उंचावर गार होऊन तिचा ढग बनतो, आणि तो ढग बारा-बारा, पंधरा-पंधरा किलोमीटर उंच वाढत जातो. त्यात पाऊस आणि गारा तयार होतात. त्या खाली येऊ लागल्या, की बरोबरची हवाही गार होते. गार हवा जड, म्हणून ती धाडकन खाली येते. भरलेली घागर अंगणात उपडी केली तर पाणी जसे चहूकडे पळते, तशी ही हवा जमिनीवर आपटून चहूकडे पळत सुटते. आपल्या अंगाला लागते ती गार झुळूक म्हणजे त्या पळत्या हवेची पुढची कड. मागचा लोंढा कधी दोन मिनिटांत येतो, कधी पाच. आपण बाहेर येतो ती वेळ खरे तर आत जायची असते.

ताशी साठ-सत्तर किलोमीटरचा झोत आपल्याकडे वैशाखात नवलाचा नाही. आणि वाऱ्याचे गणित सरळ नाही बरे का. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे, पण हे गणित मला पटकन समजले आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. वेग दुप्पट झाला, की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. तिप्पट झाला की नऊपट. म्हणून कालच्या वाऱ्यात टिकलेला पत्रा आज टिकेलच असे धरून चालता येत नाही.

आता कोणी म्हणेल, हे साधे वळवाचे वारे, याचे एवढे काय? जगात याहून भयंकर वारी आहेत. आहेत तर खरेच. उन्हात शेतातून भिंगरीसारखी फिरत जाणारी आपली वावटळ सगळ्यांनी पाहिली आहे. लहानपणी तिच्यात भूत असते म्हणून आम्हाला दूर ठेवीत. ती वावटळ जमिनीवरून उठते, कोऱ्या आभाळाखाली, आणि धुरळा-कचरा उडवून विरून जाते. पण अशीच एक वावटळ ढगातून खाली लोंबते. तिला टॉर्नेडो म्हणतात. खालचे वारे एका दिशेने, उंचावरचे दुसऱ्या दिशेने आणि फार वेगाने, असे असले म्हणजे तो मोठा ढगच स्वतःभोवती फिरू लागतो आणि त्याची सोंड जमिनीला टेकते. तिच्या वाटेत येईल ते जाते. समुद्रावरून येणारे चक्रीवादळ वेगळे. ३ जून २०२० रोजी रायगडात श्रीवर्धनकडे 'निसर्ग' आले, त्याची खबर आधी दोन-तीन दिवस होती. टॉर्नेडोची खबर मिळालीच तर मिनिटांत मोजावी लागते.

हे फक्त अमेरिकेत होते असे समजू नका. १७ मार्च १९७८ रोजी दिल्लीत, विद्यापीठाच्या भागात टॉर्नेडो आला आणि त्यात अठ्ठावीस माणसे गेली. ३१ मार्च २०२४ ला बंगालमध्ये जलपाईगुडी जिल्ह्यात मैनागुडीकडे काही मिनिटांत शेकडो घरे पडली. आणि जगात आजवर सर्वांत जास्त बळी घेतलेला टॉर्नेडो आपल्या शेजारचाच आहे. २६ एप्रिल १९८९ ला बांगलादेशात माणिकगंज जिल्ह्यातल्या दौलतपूर आणि साटुरिया या गावांवरून तो गेला, आणि सुमारे तेराशे माणसे दगावली. तिकडची घरे पत्र्याची, बांबूची, मातीची. तिकडे या दिवसांतल्या वादळांना कालबैशाखी म्हणतात. वैशाख त्यांचाही आणि आपलाही. विदर्भात तसली सोंड क्वचितच, पण ज्या ढगातून ती येते त्या जातीचे ढग आपल्या डोक्यावर दर उन्हाळ्यात येतात.

टॉर्नेडोचे माप कसे घेतात ते ऐकून मला गंमत वाटली. एवढ्या वाऱ्यात यंत्र टिकत नाही. म्हणून वारे गेल्यावर माणसे जाऊन काय काय मोडले ते पाहतात, आणि त्यावरून वारे किती होते ते ठरवतात. ही रीत तेत्सुया फुजिता नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने १९७१ साली घालून दिली. तरुणपणी त्याने नागासाकीला जाऊन अणुबॉम्बने काय मोडले, कोणत्या दिशेला पडले, हे फिरून पाहिले होते. पुढे तो अमेरिकेत गेला आणि मोडकी घरे पाहून वाऱ्याचा हिशेब मांडू लागला. शून्यापासून पाचपर्यंत पायऱ्या. पाचव्या पायरीला वारे ताशी ३२० किलोमीटरच्या वर धरतात आणि चांगले बांधलेले घरही पायापासून उचकटलेले असते.

आमच्या धाकट्या दिरांची मुलगी अमेरिकेत टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहते. लग्न होऊन गेली तेव्हा पहिल्याच महिन्यात भर दुपारी गावभर भोंगे वाजले. ती घाबरून शेजारणीकडे गेली. शेजारीण म्हणाली, आज महिन्याचा पहिला बुधवार, बारा वाजलेत, भोंगे चालतात की नाही ते तपासताहेत. २० ऑक्टोबर २०१९ च्या रविवारी रात्री भोंगे खरोखरच वाजले. फोनही ओरडू लागले. ही, जावई आणि लेकरू जिन्याखालच्या खोलीत जाऊन बसली, डोक्यावर गाद्या घेऊन. त्या रात्री उत्तर डॅलसमधून तिसऱ्या पायरीचा टॉर्नेडो गेला. घरे, शाळा, दुकाने मोडली, अब्जावधी रुपयांचे नुकसान झाले. आणि त्यात माणूस एकही गेला नाही.

मी तिला फोनवर विचारले, "अगं, एवढ्या मोठ्या शहरात कोणीच कसे गेले नाही?" ती म्हणाली, "मोठी आई, सगळे आत होते ना."

आता आपल्याकडे या. माझे माहेर बाळापूर तालुक्यातले. त्याच तालुक्यात, अकोला जिल्ह्यात, पारस आहे. वीज केंद्रामुळे ते नाव पुष्कळ जणींनी ऐकले असेल. ९ एप्रिल २०२३, रविवार. तिथल्या बाबूजी महाराज संस्थानात भाविक जमले होते. संध्याकाळी वारे आणि पाऊस सुरू झाला. माणसे टिनाच्या शेडखाली आली. शेजारी मोठे जुने कडुनिंब होते, ते मुळासकट शेडवर आले. शेडखाली चाळीसएक माणसे होती. सात गेली, कितीतरी जखमी झाली. रात्री भावाचा फोन आला तेव्हा त्याला धड बोलता येत नव्हते.

टॉर्नेडो नव्हता तो. आपले नेहमीचे अवकाळी वारे होते. डॅलसचा वारा त्याच्या कितीतरी पट, आणि तिथे एकही नाही, इथे सात. हा हिशेब मी मनात पुष्कळ वेळा मांडून पाहिला. त्या माणसांचे काय चुकले? काहीच नाही. पाऊस आला तर आडोशाला जावे, हे आपल्या सगळ्यांना आईने शिकवले आहे. उन्हात झाडाखाली, पावसात पत्र्याखाली. पिढ्यान् पिढ्या तसेच चालत आले. पण पावसाचा आडोसा तो वाऱ्याचा आडोसा नव्हे, आणि वाऱ्याचा तो विजेचा नव्हे, हे आपल्याला कोणी वेगळे करून शिकवलेच नाही.

मुंबईचे तसेच झाले. १३ मे २०२४ ला दुपारी धुळीचे वादळ आले. घाटकोपरला पेट्रोल पंपावर लोक थांबले होते, कोणी पेट्रोलसाठी, कोणी पावसापासून. वर १२० फूट लांब आणि १२० फूट उंच जाहिरातीचा फलक उभा होता. तो खाली आला आणि सतरा माणसे गेली. वाऱ्याने माणूस मरत नाही हो, वारे ज्याला पाडते त्याखाली मरतो. म्हणून वारे सुटले की वर पाहायचे. आपल्या डोक्यावर काय आहे, ते कशाने धरलेले आहे, आणि शेजारी उभे असलेले पडले तर कुठवर येईल, एवढे तीन प्रश्न. उत्तर येईना तर तिथून निघायचे.

पक्के घर, लेंटरचे छत, रस्त्याकडे खिडकी नसलेली आतली खोली किंवा जिन्याखालची जागा, हा वाऱ्याचा आडोसा. खिडक्या-दारे लावून घ्यायची. काही जणी म्हणतात, खिडक्या उघड्या ठेवाव्या म्हणजे वारे आरपार जाते. अमेरिकेतही लोक तसेच म्हणत आणि धावत खिडक्या उघडायला जात; आता तिकडचे शास्त्रज्ञ निक्षून सांगतात की तसे करू नका. वारे आत शिरले, की छत्री उलटी होते तसे छपराला आतून ढकलते.

आता छपराकडेच येते, कारण आपल्या मंडळाला करता येण्याजोगे काम तिथे आहे. मागच्या वस्तीत पन्नासएक घरे टिनाची आहेत. आपल्याकडे धुणीभांडी करायला येणाऱ्या बाया तिथेच राहतात. टिनावर काय ठेवलेले असते? दगड, विटा, जुने टायर, एखादी मोडकी खाट. वजन ठेवले की पत्रा उडत नाही असा समज आहे. पण वारे छपरावरून जाताना पत्र्याला खाली दाबत नाही, वर ओढते, आणि कडा व कोपरे सर्वांत जास्त ओढते. ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्यात एका चौरस मीटरला चाळीस-पन्नास किलोचा जोर बसतो. दहा फुटी पत्रा दोन-अडीच चौरस मीटरचा असतो, म्हणजे जोर शंभर किलोच्या वर जातो. त्यावर आठ-दहा किलोचा दगड काय करणार? पत्रा तर उडतोच, आणि दगड घरात झोपलेल्या लेकराजवळ पडतो. मागच्या वैशाखात आमच्याकडच्या बाईंच्या घरी नेमके हेच झाले. दगड पाळण्याच्या दोरीला घासून गेला. लेकरू त्या वेळी आजीच्या मांडीवर होते म्हणून बरे. बाई दुसऱ्या दिवशी कामाला आल्या, कपबशा धुताना त्यांचे हात थरथरत होते. आणि संध्याकाळी तोच दगड पुन्हा टिनावर चढला. दुसरे काय ठेवणार होत्या त्या?

पत्रा धरतो तो दगडाने नाही, हुकाने. खालच्या लोखंडी किंवा लाकडी आड्याला वाकडा हूक अडकवून पत्र्यातून वर काढायचा, वर वॉशर आणि नट. कडेच्या आणि कोपऱ्याच्या ठिकाणी हूक जवळ जवळ, मध्ये जरा लांब चालतात. आडे भिंतीला पट्टीने बांधलेले हवे, नाहीतर हूक पत्रा धरील आणि सगळे छप्पर आड्यांसकट जाईल. हे काम गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याला समजते. एका घराचा खर्च आपल्या एका हळदीकुंकवाच्या वाणापेक्षा फार नाही. वाण नको असे मी म्हणत नाही. पण एक वर्ष प्लास्टिकच्या डब्याऐवजी हुकाचे वाण दिले तर त्यात कमीपणा वाटण्याजोगे मला काही दिसत नाही.

विजेविषयी थोडके सांगते, कारण या गोष्टीत आपल्या विदर्भातल्या शेतात राबणाऱ्या बाया फार जातात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ माणसे गेली. झाडाखाली उभे राहणे हे त्यातले मोठे कारण. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मनात अंक मोजावे. तीन अंकांना एक किलोमीटर धरावा. तीसच्या आत आवाज आला, की वीज आपल्याला गाठू शकते असे समजून पक्क्या घरात जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. तेवढ्या वेळात नळाखाली भांडी घासायची नाहीत, आंघोळ करायची नाही. आणि एक गोष्ट मुद्दाम सांगते. वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर आपल्यालाही झटका बसतो असे लोक समजतात. काही ठिकाणी तर त्याला शेणात पुरून ठेवतात. त्या माणसाच्या अंगात वीज राहिलेली नसते. श्वास नसला तर लगेच छाती दाबायला घ्यावी, आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा. तुटून पडलेल्या तारेची गोष्ट उलटी आहे. तिला, किंवा ती ज्या पाण्यात पडली त्या पाण्याला, पाय लावायचा नाही. वादळानंतर भिजलेल्या लोखंडी कूलरला बटण बंद केल्याशिवाय हात लावायचा नाही, हे आपण जाणतोच.

कैऱ्यांचे विसरले. वारे सुटले की पोरे आंब्याखाली धावतात. मोठ्या बायकाही पदर खोचून जातात, खोटे कशाला बोला! पडलेली कैरी वाऱ्यानंतरही तिथेच असते. शेजारणीने उचलली तर उचलली, तिच्या घरच्या लोणच्याची फोड आपल्याला मिळेलच.

झाडांचे मात्र मला वाईट वाटते. आता सगळे म्हणतील, झाडे पडतात तर तोडा. असे म्हणू नका. नागपूरच्या उन्हात झाड नसेल तर माणूस जगायचा नाही. झाड पडते ते बहुतेक आपण त्याला पाडण्याजोगे करून ठेवतो म्हणून. सिमेंटचा रस्ता बुंध्याला भिडवतात, वर गट्टू बसवतात, नाली खोदताना एका बाजूची मुळे तोडून टाकतात. मग त्याने कशाला धरून उभे राहावे? आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वाळलेले झाड आहे, खाली भाजीवाली बसते. १९७५ च्या कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि तो कायदा चांगला आहे. म्हणून आम्ही रीतसर अर्ज केला. ज्या कचेरीत केला तिथे पहिल्यांदा सांगितले की साहेब रजेवर आहेत. दुसऱ्यांदा म्हणाले, हे आमच्याकडे येत नाही. तिसऱ्यांदा आम्ही सहा जणी गेलो, अर्जाच्या नकलेवर शिक्का मागितला आणि शिक्का मिळेपर्यंत बाकावर बसून राहिलो. पंधरा दिवसांनी माणसे आली आणि फांद्या छाटून गेली. बुंधा अजून उभा आहे. भाजीवाली पलीकडच्या भिंतीशी बसते आहे, तेवढे आपल्या हातात होते. बुंध्यासाठी पुढच्या सोमवारी पुन्हा जायचे आहे. ज्यांना सवड असेल त्यांनी यावे. सहा बायका बसल्या म्हणजे शिक्का लवकर मिळतो, असा अनुभव आहे.

आता त्या भिववण्याच्या गोष्टीकडे येते. अमेरिकेतल्या हवामान खात्याने कितीतरी वर्षे अंदाजात 'टॉर्नेडो' हा शब्द वापरायला मनाई केली होती. कारण काय, तर लोक घाबरतील, धावपळ करतील. मग मार्च १९४८ मध्ये ओक्लाहोमातल्या एका विमानतळावर २० तारखेला टॉर्नेडो येऊन विमाने मोडली. पाच दिवसांनी तशीच हवा दिसली तेव्हा तिथल्या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी धीर करून अंदाज सांगितला, की आज पुन्हा येईल. माणसे आणि विमाने आत घेतली. आणि संध्याकाळी तो खरोखरच आला! त्यानंतर दोन वर्षांनी, १९५० साली, तो शब्द लोकांना सांगायला मोकळीक झाली. आज तिकडे लहान पोरांना शाळेत त्याचा सराव देतात. सांगितल्याने पोरे घाबरून बसली नाहीत, कुठे बसायचे ते शिकली.

आपल्याकडे भोंगे नाहीत, पण खबर आहे. सोनेगावला विमानतळाजवळ हवामान खात्याचे प्रादेशिक केंद्र आहे, नागपूरला रडारही आहे. तिथून रोज जिल्ह्याजिल्ह्याचा अंदाज येतो आणि त्याला रंग असतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. वादळ उठले, की पुढच्या तीन तासांचा इशाराही देतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' नावाचे अॅप आहे, आपल्या आसपास वीज कुठे पडते आहे ते ते फोनवर दाखवते. आपल्या मंडळाचा व्हॉट्सअॅपचा गट आहेच. रोज सकाळी त्यावर शुभ सकाळची चाळीस फुले येतात. चैत्र-वैशाखात त्या फुलांबरोबर त्या दिवसाचा रंगही कोणी टाकावा. मी टाकायला तयार आहे. ज्या बायांकडे असा फोन नाही त्यांना कामावरून जाताना तोंडी सांगावे, आणि नारिंगी असेल त्या दिवशी त्यांना चारच्या आत मोकळे करावे. भांडी सकाळी घासली तरी चालतात.

आणि वाळवण. पाच किलो गव्हाचा चीक काढायचा म्हणजे तीन दिवस भिजवणे, वाटणे, गाळणे, मग पहाटे उठून घाटणे. खांदे भरून येतात. असे केलेले आभाळाखाली टाकून आत बसा, असे सांगणे सोपे नाही, मला माहीत आहे. आपल्यापैकी तिघी-चौघी विकायलाही करतात, त्यांचे तर महिन्याचे उत्पन्न जाते. म्हणून आमच्याकडे आता नारिंगी रंगाच्या दिवशी वाळवण घालतच नाही, आणि पिवळ्या दिवशी दोनला उचलून आणते. उन्ह तोवर काम करून गेलेले असते. कुरडया जमिनीवर न घालता खाटेवर जुन्या लुगड्यावर घातल्या तर दोघी जणी लुगडे चार टोकांनी उचलून एका फेरीत खाली आणू शकतात. एकटीने करायचे नाही. आणि गार झुळूक आली, की मग नाही जायचे. जे वर राहिले ते वर राहिले. आमच्या सासूबाईंना हे आधी पटत नव्हते. त्या म्हणाल्या, "एवढ्या कष्टाचे अन्न भिजू देतेस?" मी म्हटले, "आई, तुम्ही गच्चीवर गेलात तर मी तुमच्यामागे येणार, माझ्यामागे पोरगी येणार. मग खाली कोण राहिले?" त्या काही बोलल्या नाहीत. पण गेल्या रविवारी ढग आला तेव्हा मी सांगायच्या आधी त्यांनीच जिन्याच्या दाराला कडी घातली आणि वर किती पापड राहिलेत ते मोजत बसल्या. सत्तावीस होते.

टिनाच्या हुकांसाठी एक वही मी चिटणीसबाईंकडे दिली आहे. पहिल्या पानावर वस्तीतल्या ज्या घरांवर लहान लेकरे आणि दगड दोन्ही आहेत अशा अकरा घरांची नोंद आहे. ज्यांना वर्गणी द्यायची असेल त्यांनी दुसऱ्या पानावर लिहावे, आणि ज्यांच्या घरी शिडी आहे त्यांनी शिडीचे लिहावे. वेल्डिंगवाले अक्षय्य तृतीयेच्या आत काम करून देतो म्हणाले आहेत. डाळ आणि पन्हे तयार असल्याची खूण मघापासून होते आहे, तेव्हा मी थांबते.